लपणारे पिल्लू



मुक्या जनावराशी आपण कसे वागतो यावरून माणसाची पारख होते, हे नीतिसूत्रे 12:10 आपल्याला शिकवते. कुत्र्याचे पिल्लू घरात घाण करते, तेव्हा ही पारख रोजच होते.

पुष्कळ घरांत एकच उपाय ठाऊक असतो. पिल्लाचे नाक त्या लघवीत घासायचे आणि वर एक रट्टा द्यायचा. यातून ते काय शिकते? घाण बाहेर करावी हे नव्हे, तर धन्यासमोर करू नये, एवढेच. मग ते पलंगाखाली, कपाटामागे जाते. अंगणात नेले तरी आपल्यादेखत लघवी करायला भिते.

आपण म्हणतो, "बघा, कशी अपराध्यासारखी मान घालते! त्याला सारे समजते." अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासले. ज्या कुत्र्याने काहीच केले नव्हते, त्यालाही धनी रागावला की त्याचा चेहरा तसाच दिसे. ती चुकीची जाणीव नव्हती. ते धन्याच्या रागाला दिलेले उत्तर होते.

मग योग्य रीत कोणती? देवाने पिल्लाच्या ठायी स्वच्छतेची ओढ आधीच घातली आहे. साधारण तीन आठवड्यांचे झाले की ते झोपायच्या जागेपासून दूर सरकून लघवी करू लागते. ती ओढ आपण अंगणापर्यंत न्यायची. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार वेळ धरवत नाही. म्हणून झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि एरवीही दर एक-दोन तासांनी त्याला ठरलेल्या एकाच कोपऱ्यात न्यावे. रात्रीही एकदा उठावे. तेथे लघवी केली की त्याच क्षणी शाबासकी व एखादा घास द्यावा. घरात झालीच तर मुकाट्याने पुसून, वास जाईपर्यंत जागा धुवावी. वास राहिला की ते पुन्हा तेथेच जाते. शिकलेले पिल्लू एकाएकी घरात करू लागले, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे; काही दुखणेही असू शकते. या कामाला काही महिने लागतात, आणि कष्ट पिल्लापेक्षा धन्यालाच अधिक पडतात.

आता आपल्या घरांकडे व मंडळ्यांकडे पाहू या. नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक का लपवतो? दारूच्या आहारी गेलेला भाऊ उपासनेस यायचे का टाळतो? पुष्कळदा याचे कारण हेच की, आपण त्यांचे नाक त्यांच्याच चुकीत घासतो. ते सुधारत नाहीत. लपायला मात्र शिकतात.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम व हव्वा झाडांत लपले. देवाने पापाकडे डोळेझाक केली नाही. त्याचे फळ त्यांना भोगावे लागले. तथापि तो आधी त्यांना शोधीत आला, आणि बागेबाहेर घालवण्यापूर्वी त्याने त्यांना वस्त्रे करून घातली. खरी शिस्त ती हीच. ती चुकीला चूक म्हणते, पण चुकलेल्याला सोडून देत नाही.

आपल्या घरात आज कोण लपत आहे? त्याच्यासाठी आपण रात्री उठू या, दार उघडू या आणि त्याच्याबरोबर बाहेर जाऊ या. ज्या प्रभूने आपल्याला शोधून काढले, तोच आपल्याला तेवढा धीर देवो. आमेन.