पेरणाऱ्याच्या पायाखालची माती

(सामान्य काळातील पंधरावा रविवार)



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १३:१-२३) पेरणारा पेरायला निघतो. वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपे आणि चांगली माती हा दाखला आपल्याला पाठ आहे. दर तीन वर्षांनी तो ऐन पावसाळ्यात येतो आणि आम्ही धर्मगुरू दर वेळी विचारतो, तुमचे अंतःकरण यांपैकी कोणती जमीन? प्रश्न योग्यच आहे, खुद्द प्रभूनेच तसा अर्थ सांगितला. पण यंदा मला मातीविषयीच बोलायचे आहे, अगदी शब्दशः. तसे कारण घडले.

गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मिस्सानंतर थांबले. गावाकडे वडिलोपार्जित तीन एकर जमीन, धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न ठरलेले, आणि एक वीटभट्टीवाला वरची दोन-तीन फूट माती ट्रॉलीच्या हिशोबाने उचलायला तयार. जमीन कुठे जात नाही, सातबारा आपल्याच नावावर राहतो, असे भावाचे म्हणणे. "फादर, हे पाप आहे का?" त्यांनी विचारले. मला पटकन उत्तर देता आले नाही. लग्न तोंडावर असलेल्या बापाला पाप-पुण्य सांगणे सोपे नसते.

आपली काळी जमीन काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि जायला एक वळवाचा पाऊस पुरतो. पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आदळला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. वाहताना ते सगळ्यात आधी वरचा सुपीक थर नेते. उरतो तो मुरूम. दाखल्यातील खडकाळ जमीन हीच. तेथे बी लवकर उगवते आणि मुळाला जागा नसल्यामुळे उन्हाने करपते. आपल्या माळरानांवर हे दर वर्षी दिसते.

यात सोलापूरची एक वेगळी अडचण आहे. आपले मुख्य पीक रब्बीची ज्वारी. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ घरोघरी माहीत आहे. तिची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे जून ते सप्टेंबर, नेमक्या पावसाच्या दिवसांत, रान उघडे पडलेले. पाऊस कमी, तरी जो येतो तो धो-धो. म्हणूनच सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून या प्रश्नावर काम चालले आहे. त्यांचा सल्ला साधा आहे: मशागत उताराला आडवी करा, पावसाळ्यात रानात बंदिस्त वाफे पाडा, पाणी जागच्या जागी मुरवा. सल्ला जुना झाला म्हणून कालबाह्य झाला नाही. ट्रॅक्टरवाल्याला मात्र उताराच्या दिशेने लांब तास मारणेच सोयीचे वाटते!

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला पूर आपण पाहिला. माढा, मोहोळ, करमाळा भागातील कित्येक शेते खरडून गेली. खरडलेल्या जमिनीसाठी सरकारने हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत मदत जाहीर केली. पैसे हवेतच, पण माती दुकानात मिळत नाही. आणि जी माती पुराने नेली म्हणून आपण रडलो, तीच आता आपल्या हाताने ट्रॉलीत भरायची?

आपल्यातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे, आणि दुपारी मिळणारी सुकडी. पोटासाठी केलेल्या त्या कामांनी माती धरून ठेवली. पुढे नगर जिल्ह्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी हेच काम गावाला बरोबर घेऊन, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, शिस्तीने उभे केले. आधी डोंगरमाथ्यावर चर, मग शेतांना बांध, शेवटी नाल्यावर बंधारा. सोबत गावकऱ्यांचे श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. या कामातूनच १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था निघाली. स्वित्झर्लंडहून आलेला एक धर्मगुरू आयुष्यभर दुसऱ्याच्या देशातील माती अडवत राहिला, याचे मला फार अप्रूप वाटते.

संत लूक एका अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतात (१३:६-९). मालक झाड तोडायला निघतो. माळी म्हणतो, एक वर्ष थांबा, मी भोवती खणतो, खत घालतो. माळी झाडाला दोष देत नाही, मातीकडे वळतो.

त्या गृहस्थांना मी शेवटी तेच म्हणालो, एक वर्ष थांबा. माती विकली तर मुलीचे लग्न होईल, पण तिच्या भावाला मुरूम मिळेल. मग आम्ही दोघांनी बसून लग्नाचा खर्च कागदावर मांडला. मांडव आणि डीजे निघाले, जेवण राहिले. भाऊ अजून पूर्ण राजी नाहीत, पण ट्रॉली आलेली नाही. त्या कुटुंबासाठी आजच्या मिस्सात प्रार्थना करू या.

आणि एक कबुली. चर्चचे आवार स्वच्छ दिसावे म्हणून आपण दर शनिवारी पालापाचोळा पेटवतो आणि पाऊस आला की आवारातील माती फाटकातून रस्त्यावर जाते. मागच्या भिंतीलगत पाल्यासाठी खड्डा घेतला आहे. यापुढे काडेपेटी नको. फाटकाच्या वरच्या बाजूला एक आडवा चर काढायचा आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर युवकांनी टिकाव, खोरे आणि पाट्या घेऊन थांबावे. चहा धर्मग्रामातर्फे.