बागेश्री आणि बाजाची पेटी

अलीकडे पुष्कळ तरुण टाळकरी पेटी शिकू लागले आहेत. भूप, दुर्गा, काफी हातात बसले की त्यांचे मन बागेश्रीकडे धावते, आणि तिथेच घरातले वडीलधारे अडवतात. “अरे, तो शृंगाराचा राग. प्रियकराची वाट पाहत रात्र काढणाऱ्या बाईचा. गळ्यात माळ घातलेल्याने तो कशाला शिकावा?” शंका टाकाऊ नव्हे. तिचा थोडा विचार करू.

बागेश्री हा रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा राग. पंडित भातखंडे यांनी तो काफी थाटात घातला. गांधार-निषाद कोमल, वादी मध्यम, संवादी षड्ज. पांढरी एक हा षड्ज धरला तर चढताना बोटे अशी जातील : पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी सहा, काळी पाच आणि वरची पांढरी एक. रिषभ आणि पंचम चढताना घ्यायचे नाहीत. उतरताना धैवतावरून मध्यमावर यावे, तिथे विसावावे, मग गांधार, रिषभ, षड्ज. पंचम तेवढा उतरतीला ओझरता लागतो, उंबऱ्यावर पाऊल ठेवून मागे घ्यावे तसा.

आता गंमत बघा. हेच सूर भीमपलासात आहेत. वादीही मध्यमच. पण तिथे पंचम भक्कम आणि धैवत उतरतीपुरता, आणि वेळ दिवसाच्या तिसऱ्या प्रहराची. पट्ट्या त्याच, काळ्या-पांढऱ्यांत एकीचाही फरक नाही. बोट कुठे टेकते एवढ्यावर राग पालटतो. नवशिका पंचमावर जरा रेंगाळला की बागेश्री गेलीच म्हणून समजा!

साहित्यशास्त्रात शृंगाराचा स्थायिभाव रती. शृंगार दोन परींचा, संभोग आणि विप्रलंभ, बागेश्री विप्रलंभाची. देवाविषयीच्या रतीला मम्मटाने काव्यप्रकाशात रस म्हटले नाही, नुसता भाव म्हटले. पुढे रूपगोस्वामींनी १५४१ च्या भक्तिरसामृतसिंधूत त्याच रतीला मधुर रसाचे आसन दिले. पंडितांचा वाद चालू द्या. आमच्या ज्ञानोबारायांनी त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, विराण्या गाऊन श्रीहरीसाठी झुरणारी विरहिणी उभी केली. नारदांनीही भक्तिसूत्रात दाखला दिला तो व्रजगोपींचाच. रती तीच, ती टेकते कुठे, हे पाहायचे. पट्ट्यांचे आत्ता पाहिलेत ना, तसेच.

वडिलांचे खरे भय सिनेमाचे असते. बागेश्री म्हटले की त्यांना १९५५ चा ‘आझाद’ आठवतो, सी. रामचंद्रांची चाल आठवते. अहो, पण ते गाणेही राधेचेच की!

आमच्या मते खरी अडचण रागात नाही, पेटीत आहे. हे वाद्य फ्रान्सचे. पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. हाताच्या भात्याची पेटी नंतर कलकत्त्यात घडली. तिचे सूर ठोकून बसवलेले, दोन पट्ट्यांच्या मधे वाट नाही, म्हणून मींड निघत नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवले होते. बागेश्री तर मींडेवरच जगते. धैवतावरून मध्यमाकडे गळा घसरत येतो, त्या घसरण्यातच विरह असतो. पेटीवर नुसत्या पट्ट्या दाबल्या तर हिशेब वाचल्यासारखे वाटते.

यावर उपाय म्हणजे आधी गळा, मागून पेटी. तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमाला मिळवावी आणि महिनाभर षड्जावरून एकदम मध्यमावर जाणे गाऊन घोटावे. मग तेच पेटीवर शोधावे. मध्यमावर येताना धैवताचा नुसता कण लावावा, भात्याचा दाब किंचित कमी करावा, बोट पट्टीवरून उचलू नये. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी पेटीवर जे नाव मिळवले ते बोटांतून गळा बोलता केल्यामुळे. भराभर ताना फिरवणारे तेव्हाही पुष्कळ होते.

एकादशीच्या जागरात मध्यरात्रीच्या सुमारास विराणी निघते, तेव्हा बागेश्रीला तिची वेळ आपसूक मिळते. तिथे पेटीवाल्याने शब्दांच्या मागे राहावे. गाणारा थांबला की मध्यम धरून ठेवावा, जागा भरण्याची घाई नको. पखवाजवाल्यालाही डोळ्याने तेच सांगावे. आणि बागेश्री अंगवळणी पडेपर्यंत भीमपलास दुपारीच वाजवा, एका बैठकीत दोन्ही नकोत.