खेळ सुटलेला माणूस

मराठीत सिनेमाचाही 'खेळ' असतो. तीनचा खेळ, सहाचा खेळ. मैदान आणि पडदा, दोन्हीकडे आपण एकच शब्द वापरतो. पण पडद्यावरचा खेळ रोज तोच असतो आणि मैदानावरचा एकदा झाला की झाला. रिचर्ड हॅरिसविषयी वाचताना मला हा फरक सारखा आठवत राहिला.

हॅरिस म्हटल्यावर आपल्याकडच्या पोरांना हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन चित्रपटांतला पांढऱ्या दाढीचा डंबलडोर आठवेल. त्यांच्या आईबापांना आठवेल तो 'ग्लॅडिएटर'मधला थकलेला सम्राट मार्कस ऑरेलियस. १९३० साली आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी जन्मलेल्या या माणसाचं पहिलं वेड मात्र रग्बीचं. डब्लिनमध्ये रग्बी म्हणजे बड्या शाळांचा आणि डॉक्टर-वकिलांचा खेळ. लिमरिकमध्ये गोदीतला कामगारही तो खेळायचा. हॅरिस आधी क्रेसेंट कॉलेजकडून खेळला आणि मग गॅरीओवेन क्लबकडून. चेंडू उंच आभाळात मारायचा आणि तो खाली येईपर्यंत त्याच्याखाली जीव खाऊन धावत पोहोचायचं, या चालीला रग्बीवाले आजही 'गॅरीओवेन' म्हणतात. हॅरिस धिप्पाड होता. तो स्क्रममध्ये दुसऱ्या रांगेत असे, म्हणजे पुढच्यांना मागून रेटण्याच्या जागी. तिथे नाव होत नाही, खांदे मात्र सोलून निघतात.

मग ऐन तारुण्यात त्याला क्षय झाला. रग्बी संपली. कितीतरी काळ तो अंथरुणाला खिळून होता, आणि त्या काळात त्याने भरपूर वाचलं. बरा झाल्यावर तो लंडनला गेला आणि नाट्यशिक्षणाच्या संस्थेत दाखल झाला.

इथे आपल्या तोंडात एक वाक्य तयारच असतं: जे होतं ते बऱ्यासाठीच. क्षय झाला म्हणून तर एवढा मोठा नट मिळाला! हे वाक्य मला पटत नाही. ते दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब परस्पर मिटवून टाकतं. एक दार बंद झालं आणि दुसरं उघडलं, इतकं ते सरळ नसतं. माणूस दुसऱ्या खोलीत शिरतो, पण पहिल्या दाराचा आवाज त्याच्या कानात राहतो. हॅरिसच्या कानात तो राहिला होता, असं त्याच्या एका चित्रपटावरून वाटतं.

१९६३ चा 'धिस स्पोर्टिंग लाइफ'. दिग्दर्शक लिंडसे अँडरसन. मूळ कादंबरी डेव्हिड स्टोरीची, आणि हा स्टोरी स्वतः लीड्स क्लबच्या करारावर रग्बी लीग खेळत लंडनमध्ये चित्रकला शिकलेला. हॅरिस खेळला त्या रग्बीहून या रग्बी लीगची जातच वेगळी. खाणीत आणि गिरणीत शनिवारीही काम असे. सामन्यापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूला द्यावी की नाही, या वादातून १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब फुटून निघाले. पैसे न घेता खेळणं ही सभ्यता, असं सांगणाऱ्यांची पोटं भरलेली होती, हे वेगळं सांगायला नको. चित्रपटाचा नायक फ्रँक मॅचिन या लीगमधला, आधी खाणकामगार असलेला. सुरुवातीलाच गर्दीतल्या एका फटक्याने त्याचे पुढचे दात तुटतात. दंतवैद्याच्या खुर्चीत, गुंगीच्या अमलाखाली, त्याला आपलं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी दिसू लागतं.

मैदानावरच्या चिखलात हॅरिस पडतो तेव्हा त्याचा तोल कसा जातो, ते पाहावं. रडणं शिकता येतं, शब्दफेक शिकता येते. अंगावर चालून येणाऱ्या माणसाला खांदा कुठे द्यायचा, हे कुठल्या अभिनयशाळेत शिकवतात? पण मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते घरातले प्रसंग. मैदानावर ज्या ताकदीला टाळ्या पडतात, तीच ताकद विधवा घरमालकिणीच्या अरुंद स्वयंपाकघरात अवघडून उभी राहते. भांड्यांना धक्के, माणसांना जखमा. या ताकदीचं काय करायचं, हे मॅचिनला कळत नाही. शरीर हेच सर्वस्व मानणाऱ्याची ही दशा जो नट इतकी नेमकी दाखवतो, त्याचं स्वतःचं शरीर एकदा त्याला सोडून गेलं होतं. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. या भूमिकेसाठी त्याला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, ऑस्करचं नामांकनही मिळालं.

पुढे 'कॅमलॉट', एक गाजलेलं गाणं, दारू, पडता काळ, आणि १९९० साली 'द फील्ड'मधून दमदार पुनरागमन. हे सगळं नटांच्या चरित्रांत असतंच. मला जास्त खरा वाटतो तो म्हातारपणीही आपल्या प्रांताच्या म्युन्स्टर या रग्बी संघासाठी जीव टाकणारा हॅरिस. म्युन्स्टर २००० साली युरोपियन चषकाची अंतिम लढत एका गुणाने हरला आणि २००२ च्या मे महिन्यात पुन्हा हरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॅरिस गेला. चषक म्युन्स्टरला मिळाला तो २००६ मध्ये.

त्याच वर्षी आयर्लंडमधल्या किलकी या समुद्रकाठच्या गावात त्याचा पुतळा उभा राहिला. त्याच्या हाती रॅकेट आहे. लिमरिकमधल्या पुतळ्यात तो 'कॅमलॉट'मधला राजा आर्थर आहे. रग्बीचा चेंडू दोन्हीकडे नाही.