शाखा, चंद्र आणि १३५ मिलिमीटर

डोळा वस्तूपाशी जातो, की वस्तूकडून काही डोळ्यापाशी येतं? आज शाळेतलं पोरही दुसऱ्या पर्यायावर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळेल. आपल्याकडे मात्र यावर काही शतकं वाद झडला. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, म्हणणं असं की डोळा तेजाचा बनलेला आहे. त्यातून किरण निघतो, वस्तूला जाऊन भिडतो, तेव्हा ती दिसते. पुरावा म्हणून न्यायसूत्रांत रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या चमकत्या डोळ्यांचा दाखला दिला आहे. दिङ्नाग आणि त्याच्या परंपरेतल्या बौद्धांना हे साफ अमान्य होतं. डोळा जागचा हलत नाही, असं ते म्हणत. नैयायिकांवरचा सगळ्यांत बिनतोड वाटणारा आक्षेप फांदीचा होता. झाडाची फांदी आणि तिच्यामागचा चंद्र आपल्याला एकदमच दिसतात. किरण डोळ्यातून निघून जात असता, तर जवळची फांदी आधी दिसली असती आणि चंद्र नंतर. यावर नैयायिकांनी उलट विचारलं, एकदम दिसतात हे कुणी सांगितलं? कमळाच्या शंभर पाकळ्यांची चवड सुईने भोसकली तर सगळ्या एकदम भोसकल्यासारख्या वाटतात. सुई जाते मात्र एकेकीतूनच.

हा वाद मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवला. झळकीकरांचा ‘न्यायकोश’, म्हणजे वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारून भांडारकर संस्थेने १९२८ साली काढलेली आवृत्ती, टेबलावर असायची आणि फळ्यावर फांदी नि चंद्र. प्रत्यक्ष फांदी-चंद्राकडे या वादापुरतं कधी बघितलं नव्हतं. तो योग निवृत्तीनंतर, भाच्याच्या लेन्समुळे आला. १३५ मिमी, एफ/२, फोकस हाताने फिरवून करायचा. “मामा, घ्यायची की नाही ते वापरून सांग,” म्हणाला. आकाशासाठीही हवी आणि घरच्या माणसांच्या फोटोंसाठीही.

पुण्यात सहकारनगरच्या आमच्या गच्चीवरून समोरच्या सोनमोहराची फांदी तीसेक मीटरवर आहे. तिच्यामागे चंद्र आला तेव्हा लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस चंद्रावर आणला. डाग स्वच्छ, फांदीचा मात्र धुरकट पट्टा झाला. रिंग किंचित फिरवली, तर फांदीची काडी न् काडी मोजता यावी आणि चंद्राचं पिठूळ भजं व्हावं. माझ्या डोळ्यांना दोन्ही एकदम दिसत होती, कारण बाहुलीचं भोक काही मिलिमीटरचंच. या लेन्सचं तोंड साडेसदुसष्ट मिलिमीटरचं. एवढ्या रुंद तोंडाला जवळ आणि दूर एकाच वेळी साधत नाही, आणि ते ती लपवतही नाही.

आता हिशेब मांडू. प्रकाशाला वेग असतो, हे १६७६ साली रोमरने गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवलं. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणून त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. फांदीचा प्रकाश सेकंदाच्या एक कोटीव्या भागात पोचतो. म्हणजे एकदम दिसलेली फांदी आत्ताची आणि चंद्र सव्वा सेकंदापूर्वीचा. प्रकाश कुठून कुठे जातो, यात बौद्ध बरोबर ठरले आणि नैयायिक चुकले. पण फांदी आणि चंद्र समकाल आहेत हे ज्याच्या जोरावर बौद्ध आक्षेप घेत होते, ते गृहीतच कच्चं होतं. त्याला हात घातला नैयायिकांनी. चुकीच्या सिद्धांताचा बचाव करताना त्यांच्या हाती एक खरी गोष्ट लागली, ती अशी की एकत्र दिसणं म्हणजे एका वेळचं असणं नव्हे.

थंडीत वेल्ह्याच्या बाजूला गेलो तेव्हा हे अंतर सेकंदांचं उरलं नाही. लेन्सची खरी परीक्षा ताऱ्यावर होते. तारा हा निव्वळ बिंदू, त्यामुळे लेन्सचा कुठलाही दोष त्यावर लपत नाही. एफ/२ वर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटले, तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळी कड आली. एफ/२.८ केल्यावर पंख जवळजवळ मिटले. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबून चालत नाही, रिंग तिच्याही पुढे फिरते. स्क्रीनवर तारा मोठा करून, तो बारीकात बारीक होईल तिथे थांबायचं. मग कृत्तिका मध्ये आणल्या. त्यांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे शिवजन्माच्याही आधी. ट्रॅकरवर कॅमेरा ठेवून मृगातल्या तेजोमेघाकडे शटर उघडं ठेवलं, तर जे डोळ्याला राखाडी ठिपका दिसत होतं, त्याला गुलाबी रंग चढला. कॅमेऱ्यातून तिकडे काहीच गेलं नव्हतं. जे येत होतं ते तो साठवत होता. पुण्याला हा साक्षीदार जुना आहे. कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला जेऊरला गेले होते. काचेच्या प्लेटला ना किरण, ना मन, तरी तिच्यावर चित्र उमटतंच.

मग नैयायिकांचं ‘जाणं’ संपलंच का? इथे मला आत्याचा फोटो आठवतो. ती गॅलरीत गवार निवडत बसली होती, मी दोनेक मीटरवर. एफ/२ वर एवढ्या अंतरात जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची जागा स्पष्ट येते. डावा डोळा साधला की कानातली कुडी विरघळते. “आत्या, मान हलवू नकोस गं.” “चंद्राचे डाग दिसले की वा म्हणतोस, माझ्या सुरकुत्याही तशाच बघणार का?” तिचा प्रकाश माझ्याकडे सेकंदाच्या पंधरा कोटीव्या भागात येत होता, उशीर म्हणावा असा काहीच नव्हता. तरी तिच्या बुबुळाभोवतीची ती फिकट निळसर कड मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. इतकी वर्षं तिथून प्रकाश येतच होता. त्या अडीच सेंटिमीटरवर मी कधी गेलो नव्हतो.

न्यायमतात नुसता डोळा आणि वस्तू पुरत नाहीत, मन डोळ्याशी जोडलं जावं लागतं, आणि मन एका क्षणी एकाच ठिकाणी असतं. किरणाचा सिद्धांत बाद झाला, तरी त्यातला हा भाग मला अजून टिकाऊ वाटतो. प्रकाश येतो हे खरं, तो आपल्याला न विचारताच येतो. पण बघणं त्यानंतर सुरू होतं, आणि त्यासाठी इथून कुणीतरी उठून जावं लागतं. देवळातल्या रांगेत समोर मूर्ती असूनही दर्शन न झालेली माणसं आपण रोज पाहतो.

भाच्याला सांगितलं, घे. ताऱ्यांसाठी २.८ वर ठेव, माणसांसाठी २ वर, आणि फोकस स्वतःच कर. तुमच्याकडे लेन्स नसेल तरी बिघडत नाही. पौर्णिमेच्या आसपास एखादी फांदी शोधा आणि आधी फांदीकडे, मग चंद्राकडे बघा. दोन्ही एकदम दिसतात असं अजून वाटत असेल, तर थोडं सावकाश बघा.