न सांगता जाणे : त्याग की पलायन?

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकास संबंधत्यागाची आज्ञा केली आहे. आपला देश, आपले गाव आणि विशेषेकरून आपले आप्तसंबंधी यांच्या ठिकाणी जडलेले चित्त मोकळे झाल्याखेरीज ते परमेश्वराच्या ठायी स्थिर होत नाही, हा त्या आज्ञेचा आशय होय. या आज्ञेचे श्रवण झाल्यावर अनेक उपदेशी बंधूंच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. संबंध सोडावयाचाच आहे, तर तो संबंधितांस सांगून सोडावा की न सांगता? निरोप घ्यावयास जावे तर अश्रू, आर्जवे आणि ममता आडवी येते. न सांगता जावे तर मागे राहिलेल्यांचा तळतळाट होतो.

हा प्रश्न केवळ संन्यास घेणाऱ्यांचा नाही. नोकरी, भागीदारी, सोयरीक, मैत्री, गुरुकुल, अशा प्रत्येक ठिकाणाहून माणसे एके दिवशी न बोलता निघून जातात. रायगड जिल्ह्यात पेणला लागून रामवाडी आहे. राज्य परिवहन महामंडळाचे विभागीय कार्यालय तेथेच असल्यामुळे एस.टी.चा आणि या स्थानाचा संबंध जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या एका गाडीत घरच्यांच्या पाया पडून निघालेला आणि घरात कोणास न कळविता निघालेला, असे दोघेही शेजारी बसलेले असू शकतात. तिकीट एकच, रस्ता एकच. बाहेरून पाहणारास भेद दिसत नाही. परंतु एकाचे जाणे हे जाणे असते, दुसऱ्याचे जाणे हे कदाचित पळणे असते. हा भेद कोठे आहे, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम शंका अशी घेतली जाते : स्वामींनी स्वतःच न सांगता गमन केले नाही काय? लीळाचरित्राच्या एकांकात ही कथा आहे. गुजरातच्या प्रधानाचे, विशाळदेवांचे पुत्र हरिपाळदेव या रूपाने स्वामी भडोच येथे वर्तत होते. द्यूतातील हार आणि त्या प्रसंगी पत्नीने अलंकार देण्यास दिलेला नकार हे निमित्त झाले आणि त्यांनी उदासीनता स्वीकारली. रामयात्रेस, म्हणजे रामटेकास जाण्याचा मनोदय त्यांनी पित्यास सांगितला. वाट परराज्यातून जाणारी, म्हणून पिता राजी नव्हता. पुढे त्याने अनुज्ञा दिली आणि सोबत परिवार दिला. वाटेत स्वामींनी तो परिवार थोडा थोडा करून मागे फिरविला आणि शेवटी रात्रीच्या वेळी उरलेल्यांसही न कळविता ते एकटे निघाले. रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन झाले आणि तेथून पुढचे सर्व चरित्र घडले. मग साधकानेही तसेच करावे, त्यात दोष कोणता, असा या शंकेचा रोख आहे.

याचे समाधान तीन प्रकारे होते.

पहिले समाधान असे की, ईश्वराची लीळा स्मरणासाठी असते आणि त्याची आज्ञा आचरणासाठी असते. या दोहोंची गल्लत करू नये. अवतार नित्यमुक्त आहे. त्याला कर्म नाही, त्यामुळे कर्माचा लेप नाही. जीव मात्र अनादी अविद्येने बद्ध आहे. त्याच्या प्रत्येक क्रियेत हेतू असतो, आणि तो हेतू पुष्कळदा स्वतःपासूनही लपविलेला असतो. ज्याला आपले वैराग्य आणि आपला कंटाळा यांतील अंतर निश्चित सांगता येत नाही, त्याने अवताराच्या गमनाचा दाखला पुढे करणे धाडसाचे आहे.

दुसरे समाधान त्या लीळेतच आहे. ती उतावीळपणे वाचणाराच्या लक्षात फक्त शेवटची रात्र राहते. परंतु त्या रात्रीपूर्वी पित्यास विचारणे आहे, नकार ऐकणे आहे, पुन्हा विनविणे आहे आणि अनुज्ञेची वाट पाहणे आहे. ज्याचा अधिकार होता त्याच्यासमोर उभे राहणे स्वामींनी टाळले नाही.

तिसरे समाधान सर्वांत महत्त्वाचे आहे. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. तेव्हा त्यांनी भक्तजनांस अंधारात ठेवले नाही. आपल्या असन्निधानात कोणी कोठे जावे, कोणाची सेवा करावी, कसे वर्तावे, हे सांगून ठेवले. श्रीनागदेवाचार्यांस रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाण्याची आज्ञा होती. भक्तांचा शोक अपार होता, परंतु तो दिशाहीन नव्हता. त्यांना कोणत्या वाटेने चालावयाचे हे माहीत होते. म्हणूनच मार्ग विस्कटला नाही. पुढे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांना विचारून लीळा संग्रहित केल्या आणि मराठी भाषेस तिचा आद्य चरित्रग्रंथ लाभला. प्रेमाने जोडलेल्यांस सोडून जाताना त्यांच्या उद्याची व्यवस्था लावावी, हा या गमनाचा बोध आहे.

अन्य परंपरेतही हाच न्याय दिसतो. सिद्धार्थ गौतमाने रात्री निद्रिस्त पत्नीपुत्रास सोडून कपिलवस्तूतून प्रयाण केले, ही कथा जगप्रसिद्ध आहे. तिचा उत्तरभाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. बुद्ध झाल्यावर ते कपिलवस्तूस आले. बालक राहुलास संघात घेतले गेले तेव्हा वृद्ध शुद्धोदनाने आपले दुःख त्यांच्यापुढे मांडले, आणि मातापित्यांच्या संमतीवाचून कोणाही मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम बुद्धांनी घालून दिला. जे स्वतः रात्री निघाले होते, त्यांनीच संघाचे दार संमतीने उघडावे असे ठरविले.

महाराष्ट्रात विठ्ठलपंतांची कथा परंपरेने सांगितली जाते. पत्नी आहे हे गुरूपासून लपवून त्यांनी काशीस संन्यास घेतला. पुढे गुरू तीर्थाटनात आळंदीस आले असता रुक्मिणीबाईंच्या मुखातून सत्य कळले आणि त्यांनी शिष्यास परत गृहस्थाश्रमात पाठविले. त्या असत्याचा दंड विठ्ठलपंतांनी भोगला, तसाच निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चार निरपराध लेकरांनीही संन्याशाची मुले म्हणून भोगला. समाजाची ती कठोरता निंद्यच होय. तथापि न सांगता जाणाराचे ऋण मागे राहिलेल्यांच्या माथी कसे पडते, हे त्यात स्पष्ट दिसते.

अलीकडच्या काळातील उदाहरण रामवाडीच्याच तालुक्यात मिळते. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. 11 सप्टेंबर 1895 रोजी तेथे त्यांचा जन्म झाला. बालपण गागोद्यास गेले आणि पुढे वडील बडोद्यास नोकरीत असल्यामुळे कुटुंब तिकडे गेले. 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून विनोबा मुंबईच्या गाडीत बसले आणि वाटेत सुरतेस उतरून त्यांनी काशीची वाट धरली. घरी कोणास पूर्वकल्पना नव्हती. मात्र त्यांनी वडिलांस पत्र लिहिले. आपण मुंबईस न जाता अन्यत्र जात आहोत आणि आपल्या हातून अनुचित काही घडणार नाही, अशा आशयाचा विश्वास त्या पत्रात दिला होता. पुढे 7 जून 1916 रोजी ते अहमदाबादजवळ कोचरब येथील आश्रमात महात्मा गांधींस भेटले. घरच्यांस आपला ठावठिकाणा त्यांनी कळविलेला नाही हे लक्षात येताच गांधीजींनी स्वतः त्यांच्या वडिलांस पत्र पाठविले.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. शिष्याचे वैराग्य गांधीजींस मान्य होते, किंबहुना त्यांनी त्याची थोरवी ओळखली होती. तरीही बडोद्यास एक घर चिंतेत आहे, ही गोष्ट त्यांनी क्षुल्लक मानली नाही. शिष्याकडून राहिलेला निरोप गुरूने पूर्ण केला. पुढच्याच वर्षी विनोबांनी अध्ययनासाठी आश्रमातून एक वर्षाची रजा मागून घेतली, वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययन केले, केलेल्या कामाचा वृत्तांत पत्राने कळविला आणि मुदत भरताच ते परतले. 1918 साली आईच्या अखेरच्या आजारात ते बडोद्यास तिच्यापाशी होते. सुरतेस गाडीतून उतरलेला तरुण आणि वर्षाचा हिशेब देऊन परतलेला साधक हे दोन नव्हेत. वैराग्य पक्व होत गेले तसतसे त्यात सांगून जाणे आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. त्याज्य काय आहे? त्याज्य आहे ती आसक्ती. समोरच्याने आपल्यावर टाकलेला विश्वास हा आसक्तीचा भाग नव्हे, ते आपल्यापाशी असलेले परक्याचे धन आहे. ते परत न करता निघाल्यास त्याग घडत नाही, अपहार घडतो. एस.टी.चा वाहक पाळी संपल्यावर तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब आगारात जमा करतो, मगच घरी जातो. त्याला त्या पैशाचा लोभ नसतो, म्हणूनच तो हिशेब देतो. ‘मला पैशाचा मोह नाही’ असे म्हणून जो पेटी बाकावर टाकून निघून जाईल, त्याला कोणी विरक्त म्हणणार नाही. निरोप हा असाच हिशेब आहे. काम सोडणाराने हातातील काम दुसऱ्याच्या हाती द्यावे. नाते सोडणाराने समोरच्यास वाट पाहण्याच्या यातनेतून मोकळे करावे.

कारण वाट पाहावयास लावणे ही हिंसा आहे. आपल्या मार्गात अहिंसेचा विचार सूक्ष्म आहे. जो आला नाही तो मेला की जिवंत, रागावला की संकटात सापडला, हे न कळता दाराकडे डोळे लावून बसलेली माता प्रत्येक पावलाच्या आवाजाला दचकते. शस्त्राचा घाव एकदा होतो, हा घाव रोज होतो. ‘तिचे अश्रू पाहवले नसते म्हणून सांगितले नाही’ असे जाणारा म्हणतो. याचा अर्थ असा की, त्याने तिचे दुःख टाळले नाही, ते पाहण्याचे स्वतःचे दुःख तेवढे टाळले.

तथापि यास एक अपवाद आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. पारध्यांच्या भयाने धावणारा ससा स्वामींच्या आश्रयास आला आणि स्वामींनी त्याचे रक्षण केले, ही लीळा सर्वश्रुत आहे. ससा पारध्यांचा निरोप घेत नाही. घेण्याचे कारणही नाही. ज्या स्त्रीस घरात मारहाण होते, जो मजूर उचलीच्या कर्जापोटी वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर अडकवून ठेवला आहे, त्याने रात्री न सांगता निघावे. त्यात दोष नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली आहे, परंतु कायद्याच्या पूर्वीही धर्म तिच्या बाजूस नव्हता. कोकणातील कातकरी बांधवांच्या पिढ्या अशा उचलीत गेल्या. छळणाऱ्याने विश्वास टाकलेला नसतो, त्याने पाश टाकलेला असतो. पाश तोडताना पाशाची परवानगी मागावयाची नसते. अशा पळून आलेल्यास आश्रय देणे हे धर्माचे कार्य होय, आणि त्याला ‘न सांगता का आलास’ असे विचारणे हा अधर्म होय.

म्हणून निघण्यापूर्वी साधकाने आपणास तीन गोष्टी विचाराव्या. मी कोणापासून जात आहे, माझ्यावर विसंबलेल्यापासून की मला जखडणाऱ्यापासून? मी कशाकडे जात आहे, की केवळ कशापासून तरी दूर जात आहे? आणि माझ्या जाण्याचा भार उद्या सकाळी कोणाच्या खांद्यावर पडेल? या तिन्हींची उत्तरे निर्मळ असतील तर जावे आणि मागे वळून पाहू नये. समोर बोलण्याचे बळ नसेल तर पत्र लिहावे. पत्रासही हात धजत नसेल तर वडीलधाऱ्याकरवी निरोप पाठवावा. निरोपाचे शब्द थोडे असावेत : मी जात आहे, तुमचा दोष नाही किंवा अमुक कारण आहे, अमुक काम अमक्याकडे दिले आहे, वाट पाहू नये. याहून अधिक सांगितल्यास वाद होतो, याहून कमी सांगितल्यास वेदना राहते.

आणि ज्यांनी पूर्वी कधी असे जाणे केले असेल, त्यांनी निराश होऊ नये. सुरतेहून टाकलेले पत्र घर सोडल्यानंतरच लिहिलेले होते, तरी ते लिहिले गेले. जोवर ऐकणारा जिवंत आहे तोवर राहिलेला निरोप देता येतो. क्षमेची अपेक्षा न धरता तो द्यावा, कारण तो आपल्या समाधानासाठी नसून समोरच्याच्या सुटकेसाठी आहे.

देहाचे जाणे मात्र कोणास विचारून होत नाही. त्या प्रयाणाची वेळ जीवाच्या हाती नाही. त्या दिवशी सांगावयाचे राहून गेले असे होऊ नये, म्हणून ज्यांचे जे देणे आहे ते रोजच्या रोज फेडीत जावे, ज्यांस दुखविले त्यांस दंडवत घालावा आणि चित्त परमेश्वराच्या स्मरणी ठेवावे. असा जीव केव्हाही निघाला तरी तो सांगूनच निघालेला असतो.

दंडवत प्रणाम.