सुचवलं कोणी?

जावाच्या स्प्रिंग डेटामध्ये 'डिलीट' टाइप केलं की खाली यादी उघडते: डिलीट, डिलीटऑल, डिलीटबायआयडी. डिलीटऑलच्या कंसात काही नोंदी दिल्या तर तेवढ्याच जातात. कंस रिकामा ठेवला तर अख्खं टेबल साफ. एडिटरच्या लेखी दोन्ही बरोबर, दोन्ही कंपाइल होतात. त्याला टाइप कळतो, तुमचा हेतू नाही. त्या टेबलात कुणाच्या तरी दवाखान्याच्या अपॉइंटमेंट असतील, हे त्या यादीत कुठेच दिसत नाही.

'गो टू डेफिनिशन'चं वेगळंच. क्लिक करावं तर इंटरफेसपाशी नेऊन सोडतं; खरं काम कोणता क्लास करणार, हे स्प्रिंग प्रोग्राम सुरू होताना ठरवतं. पायथनमध्ये टाइप लिहिलेले नसले की बिचारं अंदाजच करतं. मग मी चिडून ग्रेप मारतो.

तरी ही सोय मला हवीच आहे. 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आला आणि ती बहुतेक एडिटरांत पोचली, ते चांगलंच झालं. मेथडचं स्पेलिंग पाठ असणं ही काही साधना नव्हे.

माझं अडतं ते दुसरीकडे. कोड रिव्ह्यूमध्ये "हीच मेथड का?" विचारलं की उत्तर येतं, "एडिटरनं सुचवली." हे खोटं नसतं. पण हे कारण आहे का? घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत असल्या प्रश्नांना भरपूर वेळ मिळतो.

कुणी म्हणेल, कंपायलरवर तर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. खरंय. पण मी सांगितलेलंच कंपायलर करतो. ऑटोकम्प्लीट पर्याय समोर ठेवतं, आणि निवड टॅब दाबणाऱ्याची. मॅपनं सांगितलं म्हणून नो एन्ट्रीत घुसलात, तर पावती गुगलच्या नावानं फाटत नाही.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर यांनी 1985 च्या एका निबंधात मांडलं होतं, की प्रोग्राम म्हणजे नुसता कोड नव्हे, तो घडवणाऱ्यांच्या डोक्यातली समज. ती माणसं पांगली की प्रोग्राम मरतो. मला हे जरा ताणलेलं वाटतं. दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या कोडची समज मी दर नव्या प्रोजेक्टवर पुन्हा उभी करतोच. मात्र त्यासाठी जागोजागी अडखळावं लागतं, आणि टॅब नेमकं तेच अडखळणं वाचवतो.

म्हणून टीममध्ये एवढंच मागतो: टॅब खुशाल दाबा, पण ही मेथड काय करते ते एका वाक्यात, स्क्रीनकडे न बघता सांगा. ज्युनियर मुलांना हे जाचक वाटतं. रिलीजच्या आदल्या रात्री मलाही.