जुना सूर आणि जुनेपण

आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांत गिटार आता परकी राहिलेली नाही. तिच्यामागोमाग वादकाच्या पायाखाली ‘वा-वा पेडल’ नावाचे एक छोटे यंत्र येते. पायाने ते पुढे-मागे झुकवले की तारेचा सूर तोंड उघडून मिटल्यासारखा ‘वा’ म्हणतो. आश्चर्य असे की, जगभरचे हौशी वादक नवे पेडल विकत आणतात आणि लगेच उघडून त्यातील कॉइल, कपॅसिटर व रेझिस्टर बदलू लागतात. कारण त्यांना १९६७ सालचा आवाज हवा असतो! ही ओढ केवळ सोंग आहे की तिच्यात काही सत्य आहे, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

या यंत्राचा जन्म १९६६ साली अमेरिकेतील थॉमस ऑर्गन कंपनीत झाला. ब्रॅड प्लंकेट हे अभियंते ॲम्प्लिफायरमधील एका महागड्या स्विचला स्वस्त पर्याय शोधत होते. त्यातून निघालेले सर्किट ऑर्गनच्या पायपट्टीत बसवले गेले. म्हणजे आज ‘अस्सल जुना’ म्हणून पूजला जाणारा सूर जुन्याच्या शोधात सापडलेला नव्हे. तो त्या काळी अगदी नवा होता.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. कॉइलला समांतर जोडलेला रेझिस्टर अधिक क्षमतेचा घातला की सूर अधिक टोकदार, मानवी कंठाजवळचा होतो. तो बदल हौशी मंडळी आवडीने करतात. परंतु जुने पेडल बंद असतानाही गिटारच्या सुरातील तेज काहीसे शोषून घेई. हा दोष मात्र कुणी जपत नाही. वेगळा स्विच बसवून सुराला सरळ वाट करून दिली जाते. जुन्याचे भक्तदेखील सगळेच जुने स्वीकारीत नाहीत, ते निवड करतात. नवी वस्तू जुनी म्हणून विकणे ही लबाडी. पण जुन्यातील गुण ओळखून तो नव्यात उतरवणे हा विवेक होय.

आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा विवेक नवा नाही. एकोणिसाव्या शतकात येथेच कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची जुनी रीत ख्रिस्तकथेसाठी स्वीकारली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-भजनांतून तीच वाट रुंद केली. हे आपले प्रॉटेस्टंट बंधू. पण त्यांचे ऋण साऱ्यांवरच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान दिले आणि भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला.

म्हणून ‘पेटीच आपली, गिटार परकी’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही नम्रपणे स्मरण देऊ की, पेटीदेखील युरोपातूनच आली. या वादापायी घरातील मुलगा मिस्सेच्या दाराबाहेर उभा राहिला, तर आपण सूर राखला आणि गाणारा गमावला असे होईल. तरुणांनाही आमचे सांगणे आहे: तुमच्या यंत्राचा आवाज कितीही अस्सल असो, त्याने भाविकांचा कंठ दबत असेल तर पेडलवरून पाय काढावा. पेटीवरील बोटांनाही हाच नियम लागू आहे.